शितावरून भात : लोकमताची चाचणी आणि तिचा भरवसा

या विषयावर आम्ही प्रथम बोललो तेव्हा व्याख्यान संपल्यावर एक वयस्क गृहस्थ व्यासपीठापाशी आले आणि जरा तावातावानेच म्हणाले, "माझी सत्तरी उलटली. इतक्या निवडणुका पाहिल्या, एकही मतदान चुकवले नाही. पण मत कोणाला देणार, असे मला आजवर कोणी विचारलेले नाही. मंडळींना विचारले नाही, धाकट्या भावाला विचारले नाही, आमच्या सबंध आळीत कोणाला विचारले नाही. मग हे तुमचे टक्के येतात तरी कोठून?" प्रश्न रास्त होता. पुष्कळांच्या मनात तो असतो, आणि त्याचे उत्तर न मिळाल्यामुळे चाचण्या म्हणजे घरात बसून रचलेले आकडे, असा ग्रह होऊन बसतो.

उत्तर साध्या भागाकारात आहे. २०२४ च्या लोकसभा निवडणुकीच्या वेळी देशाच्या मतदारयाद्यांत सुमारे ९७ कोटी नावे होती. एखाद्या संस्थेने २०,००० माणसांना विचारले असे धरले, तर सुमारे साडेअठ्ठेचाळीस हजारांत एकाची पाळी येते. लाखभर मतदारांच्या शहरात दोन माणसे! ती दोन माणसे नेमकी त्या गृहस्थांच्या आळीत राहत असण्याचा संभव किती, हे सांगायला संख्याशास्त्र लागत नाही. तेव्हा 'मला कोणी विचारले नाही' हा चाचणी खोटी असल्याचा पुरावा होत नाही. ती खरी असल्याचाही तो पुरावा नव्हे, हे अर्थातच ओघाने आले.

पण लगेच दुसरी शंका उभी राहते. वीस हजारांवरून ९७ कोटींचे मन कसे कळावे? येथे आपल्या घरातला अनुभव उपयोगी पडतो. शितावरून भाताची परीक्षा करतात हे आपण सर्वच जाणतो. घरच्या पातेल्यातली आमटी खारट झाली की अळणी राहिली, हे पाहायला आपण चमचाभर आमटी तळहातावर घेतो. लग्नघरी पाचशे पानांची कढई असते. तेव्हा आचारी बादलीभर आमटी पिऊन पाहतो काय? तोही चमचाभरच घेतो. भांडे मोठे झाले म्हणून वानगी मोठी घ्यावी लागत नाही. मात्र चव पाहण्याआधी कढई तळापासून ढवळलेली असावी लागते. चाचणीचे सारे शास्त्र या 'ढवळण्यात' साठवलेले आहे, आणि तिच्या बहुतेक अपयशांचे मूळही तेथेच आहे.

ढवळणे म्हणजे काय? मतदारयादीतल्या प्रत्येक नावाला निवडले जाण्याची ठरावीक आणि आधी माहीत असलेली संधी असणे. चिठ्ठी टाकून, किंवा यादीतले दर अमुकावे नाव घेऊन माणसे निवडली, म्हणजे निवड करणाऱ्याची आवडनिवड मध्ये येत नाही. मग गणित आपले काम चोख करते. अशा रीतीने निवडलेल्या हजार माणसांत एखाद्या पक्षाला ४० टक्के मते दिसली, तर खरा आकडा शंभरातल्या पंचाण्णव वेळा ३७ आणि ४३ यांच्या दरम्यान असतो. चूक निम्मी करायची तर माणसे दुप्पट करून भागत नाही, चौपट करावी लागतात. हजारांना तीन टक्के, चार हजारांना दीड टक्का, दहा हजारांना एक टक्का. खर्चाच्या मानाने पुढे फारसे काही पदरात पडत नाही.

वर्तमानपत्र वाचणाऱ्यांनी एक बारकावा अवश्य ध्यानात ठेवावा. ही तीन टक्क्यांची चूक एका पक्षाच्या आकड्याला लागू आहे, दोन पक्षांमधल्या अंतराला नव्हे. अंतराची चूक जवळजवळ दुप्पट असते. हजार माणसांच्या चाचणीत एकाला ४१ आणि दुसऱ्याला ३८ टक्के मिळाले, तर 'अमुक पक्षाची तीन टक्क्यांची आघाडी' असा मथळा झळकतो. वस्तुतः त्या आघाडीत साडेपाच टक्क्यांपर्यंत इकडेतिकडे होऊ शकते. म्हणजे कोण पुढे आहे हे त्या चाचणीला ठाऊकच नाही! पण 'ठाऊक नाही' असा मथळा कोणता संपादक देईल?

आता न ढवळलेल्या कढईची गोष्ट. अमेरिकेत 'लिटररी डायजेस्ट' नावाचे एक वजनदार साप्ताहिक होते. अध्यक्षपदाच्या निवडणुकीपूर्वी वाचकांना आणि इतरांना छापील पत्रे पाठवून ते कौल घेत असे, आणि १९३२ सालचा त्याचा अंदाज टक्क्याच्या आत बरोबर आला होता. १९३६ साली रूझवेल्ट आणि लँडन यांचा सामना होता. डायजेस्टने एक कोटी पत्रे पाठवली. सुमारे २४ लक्ष उत्तरे आली.  निष्कर्ष निघाला : लँडन ५७, रूझवेल्ट ४३. प्रत्यक्षात रूझवेल्टना जवळजवळ ६१ टक्के मते मिळाली आणि लँडनच्या पदरात मेन व व्हरमाँट ही दोनच राज्ये पडली. दोन वर्षांत ते साप्ताहिक बंद पडले.

असे का झाले? ज्या याद्यांवरून पत्रे गेली त्या टेलिफोनच्या आणि मोटारींच्या नोंदणीच्या होत्या. महामंदीच्या त्या काळात टेलिफोन आणि मोटार बाळगणारा माणूस कोण, हे सांगायला नको. हे कारण बहुतेक पुस्तकांत दिलेले असते आणि ते खरेही आहे. पण ते अर्धेच आहे, आणि उरलेले अर्धे अधिक उद्बोधक आहे. शिकागो शहरात डायजेस्टने टेलिफोनची यादी वापरली नव्हती. तेथे नोंदलेल्या दर तिसऱ्या मतदाराला पत्र गेले होते, म्हणजे यादी निर्दोष होती. पाचांतल्या एकाने उत्तर दिले आणि उत्तर देणाऱ्यांत निम्म्याहून अधिक लँडनच्या बाजूचे निघाले. मतदानाच्या दिवशी मात्र शिकागोने रूझवेल्टना दोनास एक या प्रमाणात मते दिली. ज्यांना सरकारवर राग काढायचा होता त्यांनी पत्र भरून टपालात टाकले. जे समाधानी होते त्यांनी ते रद्दीत टाकले. जे बोलले नाहीत ते बोललेल्यांसारखेच असतील, असे धरून चालणे हीच डायजेस्टची घोडचूक होती.

त्याच वेळी जॉर्ज गॅलप यांनी आपल्या नव्या संस्थेतर्फे मोजकी माणसे विचारून रूझवेल्टच्या विजयाचे भाकीत केले. एवढेच नव्हे, तर डायजेस्टच्याच प्रकारच्या याद्यांतून तीनएक हजार नावे काढून, डायजेस्टचा निकाल काय लागेल हेही त्यांनी आधीच सांगून टाकले. ते त्यांना टक्क्याच्या फरकाने साधले! या खेळीने त्यांची कीर्ती झाली. मात्र रूझवेल्टना त्यांनी ५६ टक्के दिले होते, म्हणजे ते स्वतः पाचएक टक्क्यांनी चुकले होते. जिंकणारा घोडा बरोबर सांगितला की किती लांबीने जिंकला ते कोणी विचारीत नाही.

ही चूक पुढे बारा वर्षांनी अंगाशी आली. १९४८ साली ट्रूमन आणि ड्यूई यांच्या लढतीत गॅलप, क्रॉस्ली आणि रोपर या तिन्ही नामांकित चाचणीकारांनी ड्यूईंना विजयी ठरवले. शिकागोच्या एका दैनिकाने तर ड्यूईंनी ट्रूमनना हरवले असा मथळा छापून अंक बाहेरही काढला, आणि तो अंक हातात उंच धरून हसणाऱ्या ट्रूमनचे छायाचित्र आजही छापले जाते. झाले होते असे की चाचणीकार आपल्या माणसांना वाटा ठरवून देत : इतके पुरुष, इतक्या स्त्रिया, इतके चाळिशीच्या आतले, इतके बेताच्या मिळकतीचे. तो हिशेब भरला की त्या चौकटीत कोणाला गाठायचे हे विचारणाऱ्याच्या मर्जीवर. माणूस स्वभावतः सोय पाहतो. जिना चढावा लागणार नाही, कुत्रे अंगावर येणार नाही आणि घरमालक बसा म्हणेल, अशा घरी तो जातो. बेताच्या मिळकतीच्या वर्गातही जरा नीटनेटके घर निवडतो. या पद्धतीने १९३६ पासून दर निवडणुकीत रिपब्लिकन पक्षाला दोन ते सहा टक्के जास्त दिले होते. रूझवेल्टची आघाडी मोठी असल्यामुळे ते झाकून गेले, एवढेच. शिवाय मतदानाच्या बऱ्याच आधी चाचण्या थांबवल्या होत्या आणि शेवटच्या दिवसांत मते फिरली ती कोणी पाहिली नाहीत.

निवड माणसाच्या मर्जीवर सोपवली की चूक एकाच दिशेने साचत जाते, ही गोष्ट आपल्याकडे निवडणुकीच्या नव्हे तर शेताच्या बांधावर सिद्ध झाली, आणि सिद्ध करणारे गृहस्थ सातारा जिल्ह्यातल्या बुध या गावचे होते. डॉ. पांडुरंग वासुदेव सुखात्मे यांचा जन्म १९११ चा. फर्ग्युसन महाविद्यालयातून ते लंडनला गेले आणि नमुना-पाहणीचे शास्त्र ज्यांनी १९३४ साली पक्क्या पायावर उभे केले त्या नेमन यांच्या सहवासात शिकले. परत आल्यावर कृषी संशोधन परिषदेत पिकांच्या उताऱ्याचा अंदाज घेण्याचे काम त्यांच्याकडे आले. शेतात यदृच्छ ठिकाणी तुकडा आखायचा, त्यातले पीक कापून, मळून वजन करायचे आणि त्यावरून जिल्ह्याचे उत्पन्न काढायचे, अशी ती रीत.

तुकडा केवढा असावा यावर वाद होता. बंगालमध्ये तागाच्या आणि भाताच्या पाहण्या करणारे प्रा. महालनोबीस लहान तुकड्यांच्या बाजूचे होते. ते स्वस्त पडतात आणि अधिक ठिकाणी घेता येतात. सुखात्मे यांनी लहान आणि मोठे तुकडे शेजारी शेजारी कापून दाखवले की लहान तुकड्यांतून उतारा सातत्याने जास्त येतो. कारण अगदी मनुष्यस्वभावातले आहे. आखलेल्या रेषेवर जे रोप येते ते आत धरायचे की बाहेर? कापणाऱ्याचा हात ते आत धरतो. तुकडा लहान तर त्या मानाने त्याची कड मोठी, म्हणून चूकही मोठी. अशा चुकीला अधिक तुकडे कापणे हा उपाय नव्हे. हजार तुकडे कापले तर तीच चूक हजार वेळा होईल. १९५१ साली सुखात्मे संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व शेती संघटनेत गेले आणि निवृत्तीनंतर पुण्यास आले. त्यांच्या पोषणविषयक मतांवर वाद झाले, पण बांधावरच्या रोपाचा हा धडा चाचणीकाराने घरात लावून ठेवावा असा आहे.

दैवाने होणारी चूक आणि स्वभावाने होणारी चूक यांतला हा भेद मनात ठेवला, म्हणजे चाचणीच्या जाहिरातीत 'पाच लाख लोकांना विचारले' असे वाचून आपण भारून जाणार नाही. डायजेस्टपाशी २४ लक्ष होते.

माणूस बरोबर निवडला तरी प्रश्न कसा विचारला हे राहतेच. १९४१ च्या सुमारास अमेरिकेत एक प्रयोग झाला. लोकशाहीविरुद्ध जाहीर भाषणांवर सरकारने बंदी घालावी काय, असे एका गटाला विचारले. ५४ टक्के 'घालावी' म्हणाले. तशाच दुसऱ्या गटाला विचारले की अशा भाषणांना परवानगी द्यावी काय. ७५ टक्के 'देऊ नये' म्हणाले. परवानगी न देणे म्हणजेच बंदी, पण 'बंदी' हा शब्द जिभेला कडू लागतो. याहून गमतीचा प्रयोग पुढे १९७० च्या दशकात ओहायोतल्या सिनसिनाटीत झाला. मुळात अस्तित्वातच नसलेल्या एका कायद्याविषयी लोकांना मत विचारले, तर सुमारे एकतृतीयांश लोकांनी ते दिलेही. दारी आलेल्या शिकल्यासवरल्या माणसापुढे 'मला माहीत नाही' म्हणणे कोणाला आवडत नाही. आपल्याकडे तर पाहुण्याला बरे वाटेल असे बोलण्याची रीतच आहे.

म्हणूनच काळजीपूर्वक काम करणाऱ्या संस्था मतदाराला तोंडी विचारीत नाहीत. खोटी मतपत्रिका हातात देऊन, तिच्यावर खूण करून पेटीत टाकायला सांगतात. दिल्लीच्या विकसनशील समाज अध्ययन केंद्राने ही पद्धत मतदारयादीतून काढलेल्या नावांसाठी वर्षानुवर्षे वापरली आहे. तरीही सासू समोर बसलेली असताना सून काय खूण करील, आणि गावचा पुढारी ओट्यावर उभा असताना शेतमजूर काय करील, हे मतपत्रिकेने सुटणारे कोडे नाही.

प्रश्नात पर्याय कोणते ठेवले यानेही उत्तर ठरते. याचे आपल्याला सर्वांत जवळचे उदाहरण म्हणजे गोव्याचा जनमत कौल. १६ जानेवारी १९६७ रोजी तो झाला. इंग्रजीत त्याला 'ओपिनियन पोल' म्हटले गेले, पण ती नमुना-चाचणी नव्हती. सर्व मतदारांना विचारलेले ते मतदानच होते. महाराष्ट्रात विलीन व्हायचे असेल तर फूल, केंद्रशासित राहायचे असेल तर दोन पाने. विलीनीकरणाच्या बाजूने १,३८,१७० आणि विरुद्ध १,७२,१९१ मते पडली. स्वतंत्र राज्य हा तिसरा पर्याय कागदावर नव्हताच. आणि मौज अशी की त्यानंतर अवघ्या दोन-अडीच महिन्यांत विधानसभेची निवडणूक झाली तेव्हा विलीनीकरणाचा पुरस्कार करणारा महाराष्ट्रवादी गोमंतक पक्षच पुन्हा सत्तेवर आला. लोक तेच होते, प्रश्न वेगळा होता. एखाद्या पक्षाला मत म्हणजे त्याच्या प्रत्येक कलमाला संमती, असे मानणाऱ्यांनी हे दोन निकाल शेजारी ठेवून पाहावेत.

आता आपल्या देशातील खास अडचणीकडे वळू. येथे चाचणी मतांची घेतात, पण लोकांना ऐकायच्या असतात जागा. मतांवरून जागा काढणे हे स्वतंत्र आणि निसरडे काम आहे. २०१९ साली भारतीय जनता पक्षाला ३७.४ टक्के मते आणि ३०३ जागा मिळाल्या. २०२४ साली मते ३६.६ टक्के, म्हणजे एका टक्क्याहूनही कमी घट, आणि जागा २४०. त्रेसष्ट जागा गेल्या! काँग्रेसची मते १९.५ वरून २१.२ टक्क्यांवर गेली आणि जागा ५२ वरून ९९. हजार माणसांच्या उत्तम चाचणीतही तीन टक्क्यांची चूक गृहीत असते हे वर सांगितलेच आहे. जेथे एका टक्क्याच्या हलण्याने साठ जागा इकडच्या तिकडे होतात, तेथे ती चाचणी जागांचा नेमका आकडा सांगते म्हणजे काय करते? काही अंशी गणित करते, आणि काही अंशी जुगार खेळते.

हे गणित सुधारण्याचे प्रामाणिक प्रयत्न झाले आहेत. १९८० च्या दशकात डेव्हिड बटलर, अशोक लाहिरी आणि प्रणय रॉय यांनी विरोधी ऐक्याचा निर्देशांक मांडला. विरोधकांची मते किती फुटली आहेत हे मोजल्यावाचून मतांवरून जागा निघत नाहीत, हे त्यांनी दाखवून दिले. पण आघाड्या दर राज्यात वेगळ्या, उमेदवार ऐन वेळी बदललेले, बंडखोर उभे राहिलेले; महाराष्ट्रात तर एकाच नावाचे दोन दोन पक्ष झाल्यावर जुना निर्देशांक कोणाला लावायचा?

२००४ साली बहुतेक चाचण्यांनी वाजपेयी सरकार पुन्हा येणार असे सांगितले आणि ते गेले. २०१९ साली दिशा बरोबर निघाली. २०२४ साली १ जूनच्या संध्याकाळी मतदानोत्तर चाचण्या जाहीर झाल्या. बहुतेकांनी राष्ट्रीय लोकशाही आघाडीला साडेतीनशे ते चारशेच्या घरात जागा दिल्या. मिळाल्या २९३. सरकार कोणाचे येणार हे बरोबर, पण एका पक्षाचे बहुमत जाणार ही मुख्य गोष्ट हुकली. या चुकीची किंमत केवळ वाहिन्यांच्या अब्रूने चुकती झाली नाही. सोमवारी ३ जूनला मुंबई शेअर बाजाराचा निर्देशांक अडीच हजार अंशांनी उसळला आणि मंगळवारी निकालाच्या दिवशी सुमारे ४,३९० अंशांनी कोसळला. चाचणीवर विश्वासून ज्यांनी सोमवारी खरेदी केली त्यांच्यात आपल्यासारखे पगारदार आणि निवृत्त लोकही होते.

मतदानोत्तर चाचणीत 'कोणाला देणार' हा प्रश्न नसतो, 'कोणाला दिलेत' हा असतो. त्यामुळे ती अधिक बिनचूक असावी असे वाटते. परंतु केंद्राबाहेर पडणाऱ्या माणसाला गर्दीत थांबवायचे, आजूबाजूला पक्षांचे कार्यकर्ते उभे, आणि ज्याला हरणाऱ्याच्या बाजूने बोलायची भीती आहे तो हात जोडून पुढे जातो किंवा जिंकणाऱ्याचे नाव सांगतो. हा शिकागोच्या पत्रांचाच प्रकार. अमेरिकेत टेलिफोनवरच्या चाचण्यांना १९९७ साली शंभरातल्या ३६ जणांपर्यंत प्रतिसाद मिळत असे. २०१८ मध्ये तो सहावर आला. न बोलणाऱ्यांची भरपाई आकड्यांना वजन देऊन करतात; पण वजन कशाकशाचे द्यायचे? २०१६ साली विस्कॉन्सिन, मिशिगन या राज्यांतल्या पुष्कळ चाचण्यांनी शिक्षणाचे वजन दिलेच नव्हते. शिकलेले लोक अधिक बोलतात, आणि त्या वर्षी शिकलेल्यांचे व न शिकलेल्यांचे मत पूर्वीपेक्षा फार दुभंगले होते. देशभराच्या मतांचा आकडा बराचसा बरोबर आला आणि ही राज्ये मात्र चुकली.

कायद्याने आपल्याकडे एवढेच पाहिले आहे की मतदान चालू असताना अशा आकड्यांचा प्रभाव पडू नये. २००९ च्या दुरुस्तीने लोकप्रतिनिधित्व कायद्यात आलेल्या १२६-अ कलमान्वये पहिल्या टप्प्याचे मतदान सुरू झाल्यापासून शेवटच्या टप्प्यानंतर अर्ध्या तासापर्यंत मतदानोत्तर चाचणी प्रसिद्ध करता येत नाही. मोडणाऱ्यास दोन वर्षांपर्यंत कैद किंवा दंड किंवा दोन्ही. परंतु चाचणी कोणी पैसे देऊन करवली, माणसे यादीतून निवडली की रस्त्यावर गाठली, किती जणांनी बोलण्यास नकार दिला, नेमका प्रश्न कोणत्या भाषेत व कोणत्या शब्दांत विचारला, मतांवरून जागा कशा काढल्या, यांविषयी ते कलम मौन आहे. आम्ही स्वतः वाहिनीवर आकडे लागले की हीच माहिती शोधतो. ती देणाऱ्या संस्था थोड्या आहेत, आणि बहुधा त्या जागांचा आकडा सांगण्याची घाई करीत नाहीत.

त्या वयस्क गृहस्थांना आम्ही हे सारे सांगितले तेव्हा त्यांनी शांतपणे ऐकून घेतले आणि विचारले, "आणि समजा, उद्या खरोखरच कोणी माझ्या दारी आला, तर मी खरे सांगावे काय?" आम्ही म्हणालो, अवश्य सांगा. ते म्हणाले, "पाहतो. आधी तो कोणाचा माणूस आहे ते विचारीन."